पोस्टरवर पक्ष्याचं नाव छापू नका
निसर्गफेऱ्यांच्या आयोजकांना खुलं पत्र

राज्यभर पक्ष्यांच्या आणि फुलपाखरांच्या फेऱ्या काढणाऱ्या सर्व मंडळींना,

सप्रेम नमस्कार.

मी तुमच्यातलीच आहे. बारा वर्षांपूर्वी एका रविवारी मैत्रिणीच्या आग्रहाखातर अशाच एका फेरीला आले. कुणीतरी गळ्यात उसनी दुर्बीण अडकवली आणि उंबराच्या शेंड्याकडे बोट दाखवलं. 'टुक टुक टुक' हा आवाज मी लहानपणापासून ऐकत होते. कुठेतरी कुणीतरी पत्रा ठोकतंय अशी माझी पक्की समजूत होती. दुर्बिणीत दिसला तो चिमणीएवढा हिरवा पक्षी. कपाळाला लाल टिळा, गळा पिवळा, छातीवर लाल पट्टा. ठोके देताना मान एकदा इकडे, एकदा तिकडे. आवाज नेमका कुठून येतो ते कधी कळत नसे, ते म्हणूनच. तो तांबट होता. त्या दिवसानंतर माझं घराबाहेर पडणंच बदललं. ही दृष्टी मला तुमच्यासारख्यांनी दिली, एक पैशाची अपेक्षा न ठेवता दिली. ते ऋण मनात ठेवूनच हे पत्र लिहिते आहे.

माझी मागणी एकच आहे. फेरीच्या पोस्टरवर आणि मेसेजमध्ये पक्ष्याचं नाव छापणं थांबवा.

'यंदा तिबोटी खंड्या नक्की!' 'नवरंगाला भेटायला चला!' 'शृंगी घुबड, पिल्लांसह!' असे मजकूर गेली काही वर्षं सतत येतात. मागे पक्ष्याचा मोठा फोटो, खाली तारीख आणि नोंदणीसाठी नंबर. लिहिणाऱ्याचा हेतू वाईट नसतो. नुसतं 'पक्षीनिरीक्षण' म्हटलं तर लोक येत नाहीत, नाव टाकलं की दोन तासांत नोंदणी भरते, हे मलाही माहीत आहे. पण फेऱ्यांमध्ये जे जे बिघडताना मी पाहिलं त्याचा माग काढत गेले तर दर वेळी या एका ओळीपाशी येऊन थांबले. कसं, ते सांगते.

काही पावसाळ्यांपूर्वीची गोष्ट. कोकणाच्या बाजूचा एक ओढा, जुलै महिना. आम्ही तीसच्या वर माणसं होतो. पोस्टरवर तिबोटी खंड्या होता. ज्यांनी तो पाहिलेला नाही त्यांच्यासाठी सांगते: हा खंड्या चिमणीपेक्षाही लहान. चोच पोवळ्यासारखी लालकेशरी, पोट हळदीसारखं पिवळं, पाठीवर निळी-जांभळी झाक. आपल्याकडच्या बाकीच्या खंड्यांना चार बोटं, याला तीनच, म्हणून तिबोटी. पाऊस सुरू झाला की तो आपल्याकडच्या जंगलांतल्या ओढ्यांवर येतो, ओढ्याकाठच्या मातीच्या कड्यात बीळ कोरतो आणि तिथे पिल्लं वाढवतो.

त्या दिवशी कड्यातल्या बिळासमोर, साधारण पंधरा-वीस पावलांवर, आमची रांग लागली. पुढे कॅमेरेवाले गुडघ्यावर, मागे आम्ही उभे. थोड्या वेळाने तो आला. ओढ्यावर आडव्या आलेल्या एका बारीक फांदीवर बसला. चोचीत एक छोटी सापसुरळी आडवी धरलेली, तिची शेपटी अजून वळवळत होती. सगळ्यांचे श्वास अडकले, शटरचा कडकडाट झाला. पहिली दहा मिनिटं मीही दुर्बिणीला डोळे लावून हरखून गेले होते. तो डोकं वरखाली करायचा, बिळाकडे बघायचा, आमच्याकडे बघायचा आणि उडून जायचा. पुन्हा त्याच फांदीवर यायचा. सापसुरळी तशीच. मग तिची शेपटी हलायची थांबली. पाऊस आला, गेला. तो पाच वेळा आला आणि पाचही वेळा बिळात न शिरता परत गेला. मी घड्याळात पाहिलं, चाळीस मिनिटं झाली होती. आपण जाण्याची तो वाट बघतोय हे तेव्हा कुठे माझ्या डोक्यात शिरलं.

मी लीडरपाशी गेले आणि हळूच म्हटलं, "दादा, आपण मागे हटूया का? तो आत जाईना." तो मुलगा जाणकार होता. त्याला हे माझ्या आधीच कळलेलं होतं, ते त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं. तो म्हणाला, "ताई, माणसं पहाटे तीनला उठून आलीत. काहींना अजून नीट फोटो मिळाला नाही. त्यांना काय सांगू?"

हे वाक्य मी विसरू शकलेले नाही. त्याला पक्ष्याची काळजी नव्हती असं मुळीच नाही. पण तो त्या पक्ष्याचा देणेकरी झाला होता. पोस्टरने त्याच्या वतीने तीस जणांना शब्द दिला होता आणि तो शब्द पाळायला बिळापासून पंधरा पावलांवर उभं राहण्यावाचून त्याच्याकडे दुसरा मार्ग उरला नव्हता. आणि मीही त्या रांगेत चाळीस मिनिटं उभी होते. बिळात किती पिल्लं होती, त्यांचं पुढे काय झालं, ते आम्हाला कुणालाच कधी कळलं नाही. जेवणाची वेळ झाली तसे आम्ही निघालो.

शब्द दिला की तो पुरा करण्याचे मार्ग शोधावे लागतात. सगळ्यात सोपा मार्ग म्हणजे मोबाइलवर कॉल, म्हणजे पक्ष्याचा रेकॉर्ड केलेला आवाज, वाजवणं. नवरंग मेच्या अखेरीस, जूनच्या सुरुवातीला पानगळीच्या जंगलात उतरतो तेव्हा पहाटे आणि तिन्हीसांजेला त्याची दोन सुरांची शीळ ऐकू येते. ती ऐकत, पाचोळ्यावर बसून राहिलं तर कधी दिसतो, कधी नाही. स्पीकर लावला की मात्र पाच मिनिटांत समोर येतो. का येतो याचा विचार करा. ते गाणं म्हणजे त्याने दुसऱ्या नराला दिलेली ताकीद असते, ही जागा माझी आहे म्हणून. आपण वाजवतो तेव्हा त्याच्या लेखी हद्दीत परका नर घुसलेला असतो. तो खाणं सोडतो, या फांदीवरून त्या फांदीवर त्याला शोधत फिरतो, एरवी ज्या उघड्या जागी आला नसता तिथे येतो. शिक्रा हा शिकारी पक्षी टपलेला असेल तर त्याचं काम सोपं होतं. विणीच्या ऐन दिवसांत, लांबचा प्रवास करून आल्यावर, रोज सकाळी एका नव्या गटाने हे केलं तर त्या पक्ष्याची शक्ती कशात जाईल? आणि आपण म्हणतो, 'काय पोज दिली!'

दुसरा मार्ग घरट्याचा. पक्षी हमखास भेटतो तो घरट्यापाशीच, म्हणून 'नक्की' असं लिहिणाऱ्याला घरटं माहीत असावंच लागतं. मग फोटोच्या आड येणारी डहाळी बाजूला बांधली जाते, कधी चक्क तोडली जाते. ती डहाळी म्हणजे त्या पिल्लांचं छप्पर आणि पडदा दोन्ही असतं. ती गेली की ऊन थेट आत येतं आणि कावळ्यालाही घरटं दिसतं. कावळा फार हुशार आहे. माणसांची गर्दी जिथे वाकून बघते तिथे आपण गेल्यावर तो जाऊन बघतो.

जमिनीवर अंडी घालणाऱ्यांचं तर याहून कठीण. टिटवीचं घरटं म्हणजे उघड्या माळावर चार खड्यांची चौकट आणि त्यात मातीच्या रंगाची, काळ्या ठिपक्यांची अंडी, बहुधा चारच. एप्रिल-मेच्या उन्हात ती अंडी उबवण्यापेक्षा गार ठेवणं हेच तिचं मोठं काम असतं. ती डबक्यावर जाते, पोटाची पिसं भिजवते आणि ओल्या पोटाने अंड्यांवर येऊन बसते. हे मी एकदा लांबून, रस्त्याकडेला उभ्या गाडीतून, जवळजवळ तासभर पाहिलंय. माझ्या सगळ्या फेऱ्यांमध्ये याच्याइतकं सुंदर दृश्य मी क्वचितच पाहिलं असेल. याच टिटवीला आपला गट माळावरून वीस मिनिटं ओरडत घिरट्या घालायला लावतो तेव्हा ती अंडी त्या उन्हात उघडी पडलेली असतात. टिटवी कलकलाट करत डोक्यावरून फिरायला लागली की 'इथे काहीतरी आहे, शोधूया' असं न म्हणता आल्या पावली मागे फिरायचं, हे फेरीच्या पहिल्या पाच मिनिटांत सांगितलं गेलं पाहिजे.

यात कायद्याचाही भाग आहे आणि तो आपल्यापैकी अनेकांना माहीत नसतो. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात शिकारीची जी व्याख्या आहे तिच्यात नुसतं मारणं-पकडणं येत नाही. पक्ष्यांच्या अंड्यांना किंवा घरट्यांना त्रास देणं हेही त्या व्याख्येत लिहिलेलं आहे. बंदूक घेऊन जाणारा आणि डहाळी बाजूला करणारा हे दोघे कायद्याच्या एकाच कलमात येतात. मी कुणाला धाक घालण्यासाठी हे लिहीत नाही. आपण स्वतःला निसर्गप्रेमी म्हणवतो तेव्हा ही ओळ आपल्याला पाठ असावी, एवढंच म्हणणं आहे.

कॅमेऱ्याशी माझं वैर नाही. चांगल्या फोटोंनी कितीतरी माणसांना या वाटेवर आणलंय. याद्या करण्याशीही नाही. उलट यादी करणाऱ्यांबद्दल मला मनापासून आदर आहे. 'स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स' हा देशातल्या पक्ष्यांच्या स्थितीचा २०२३ सालचा अहवाल ज्या नोंदींवर उभा राहिला त्या तुमच्या-माझ्यासारख्या तीस हजारांच्या वर हौशी माणसांनी केल्या होत्या, सुमारे तीन कोटी. त्यांतून ९४२ जातींचा आढावा घेता आला आणि त्यांतल्या १७८ जातींकडे तातडीने लक्ष द्यायला हवं असं समोर आलं. हे काम कुठल्याही एका संस्थेला पगारी माणसं ठेवून जमलं नसतं.

पण त्या अहवालात कुठल्या नोंदी कामाला आल्या ते बघा. 'लायफर', म्हणजे आयुष्यात पहिल्यांदाच दिसलेला पक्षी, मिळाला म्हणून केलेली एकुलती नोंद यात फारशी उपयोगाची नसते. जिथे दिसलेला प्रत्येक पक्षी लिहिलाय, कावळा, साळुंकी, बुलबुल, होला सगळे, आणि जिथे त्याच जागेवर पुन्हा पुन्हा जाऊन लिहिलंय, अशा याद्यांमधून घट-वाढ कळते. नीलपंखाचं उदाहरण घ्या. माळावरच्या तारेवर बसलेला नीलपंख, काहीजण त्याला चास म्हणतात, एरवी मातकट दिसतो आणि उडाला की पंखांत दोन निळे रंग उलगडतात. त्याला कुठल्याही पोस्टरवर मी कधी पाहिलं नाही, कारण तो 'साधा' पक्षी आहे. तोच देशभर कमी होत चाललाय, असं या नोंदींनी दाखवून दिलं. रस्त्याने जाताना तारेवरचा नीलपंख ज्यांनी न कंटाळता लिहून ठेवला त्यांच्यामुळे हे कळलं. नाव छापून नेलेल्या फेरीत मात्र नीलपंखासाठी गाडी थांबत नाही. पुढे 'मेन बर्ड' वाट बघत असतो ना.

मग लोकांना दाखवायचं काय, हा तुमचा प्रश्न रास्त आहे. माझं उत्तर एका झुडपाचं आहे.

दोन वर्षांपूर्वी सप्टेंबरात एका फुलपाखरू फेरीला गेले होते. सप्टेंबर हा आता देशभर 'बिग बटरफ्लाय मंथ' म्हणून फुलपाखरं मोजण्याचा महिना झालाय, २०२० पासून. आमच्या लीडर बाई शाळेत विज्ञान शिकवत असाव्यात असं त्यांच्या बोलण्यावरून वाटलं. पहिली चांगली गोष्ट, त्यांनी सकाळी नऊची वेळ दिली. फुलपाखराला ऊन अंगात मुरल्याशिवाय उडता येत नाही. पहाटे सहाला माणसं गोळा करून 'आज फुलपाखरं कमी आहेत' म्हणणाऱ्या फेऱ्या मी पुष्कळ पाहिल्यात. दुसरी गोष्ट, त्यांनी आम्हाला जास्त चालवलंच नाही. पायवाटेच्या कडेला रुईचं झुडूप होतं, कंबरेएवढं, धुळीने माखलेलं. आम्ही पंधरा जण, त्यांत सहा मुलं. त्यांनी सांगितलं, "आपण इथे अर्धा तास बसणार आहोत. पानांच्या खालच्या बाजूला बघा. हात लावायचा नाही."

पहिली पाच मिनिटं मुलांची चुळबुळ. मग प्लेन टायगर नावाचं एक फुलपाखरू आलं, केशरी, पंखांची टोकं काळी आणि त्यांवर पांढरे ठिपके. ते पानावर उतरायचं, पायांनी पान चाचपायचं, उडायचं, पुन्हा उतरायचं. बाईंनी सांगितलं की फुलपाखराला पायांनी चव कळते, ही मादी आहे, आणि हे पान आपल्या पिल्लांच्या जेवणाचंच आहे ना याची ती खात्री करून घेतेय. मग तिने पोटाचं टोक वळवून पानाखाली टेकवलं आणि ती गेली. मुलांनी भिंग लावलं. मोहरीपेक्षाही लहान, पांढरटसर, उभ्या रेघांचं एकच अंडं. पलीकडच्या फांदीवर सुरवंट होता, काळे-पांढरे-पिवळे पट्टे आणि पाठीवर काळ्या शिंगांच्या तीन जोड्या. तो पान खायच्या आधी त्याची शीर कुरतडत होता. शिरेतून पांढरा चीक भळाभळा आला, गळून गेला, आणि मग पुढचा भाग त्याने निवांत खायला घेतला. चीक आधी वाहू दिला नाही तर तो तोंडालाच चिकटतो. तरी त्यातलं विष थोडंफार अंगात साठतंच आणि तेच पुढे फुलपाखरू झाल्यावर त्याचं रक्षण करतं. एकदा चाखलेला पक्षी पुन्हा त्या रंगाच्या वाटेला जात नाही. त्याचा फायदा घ्यायला एक दुसरं फुलपाखरू टपलेलं असतं. डॅनेड एगफ्लाय नावाच्या, विष नसलेल्या फुलपाखराची मादी हुबेहूब प्लेन टायगरसारखी दिसते. तिचा नर अगदी वेगळा, काळा, पांढऱ्या मोठ्या ठिपक्यांचा.

हे सगळं एका धुळकट रुईवर. अर्धा तास संपला तेव्हा मुलं उठायला तयार नव्हती. एका आठ-नऊ वर्षांच्या मुलीने विचारलं, "हे अंडं कधी फुटेल?" बाई म्हणाल्या, "तीन-चार दिवसांत. तू येशील बघायला?" ती मुलगी आली. तिच्या आजीबरोबर, तिसऱ्या दिवशी, शाळा सुटल्यावर. मला हे माहीत आहे कारण मीही गेले होते.

त्या फेरीच्या मेसेजमध्ये एकाही फुलपाखराचं नाव नव्हतं. ब्लू मॉर्मन, म्हणजे आपलं राणी पाखरू, २०१५ साली राज्य फुलपाखरू झालं. राज्य फुलपाखरू घोषित करणारं महाराष्ट्र हे देशातलं पहिलं राज्य, याचा मलाही अभिमान आहे. पण 'राणी पाखरू दाखवणार' म्हणून नेलेल्या एका फेरीत जाळीने पकडून ते बाटलीत घालून फिरवलेलं मी पाहिलंय. फुलपाखराच्या पंखावरचा रंग म्हणजे बारीक खवल्यांचा थर असतो, बोटाला लागते ती पूड म्हणजे तेच खवले. पुन्हा ते उगवत नाहीत. सोडून दिलं म्हणजे त्याला काही झालं नाही, असं होत नाही. त्यापेक्षा लिंबाच्या झाडाखाली माणसं बसवा. राणी पाखरू लिंबाच्या जातीच्या झाडांवर अंडी घालतं. आलं तर आलं. नाही आलं तर त्याच झाडावर पक्ष्याच्या विष्ठेसारखा दिसणारा एखादा सुरवंट सापडेल. असं रूप घेऊन तो पक्ष्यांपासून लपतो, हे कळल्यावर मुलांचं होणारं तोंड कुठल्याही दुर्मीळ पक्ष्याच्या तोडीचं असतं.

आता काही व्यवहाराच्या गोष्टी, धावत्या.

गट लहान ठेवा. बारा-पंधराहून जास्त माणसं झाली की लीडरला आवाज चढवावा लागतो, मागच्यांना काही दिसत नाही, मग पुढचे वाकतात, मागचे पुढे घुसतात आणि पक्षी उडतो. नोंदणी जास्त झाली तर दोन रविवार करा. बायकांसाठी वाटेत स्वच्छतागृह कुठे आहे ते आधी बघून मेसेजमध्ये लिहा. हे लिहायला संकोच वाटण्यासारखं काही नाही. कितीतरी जणी केवळ त्या एका काळजीपोटी येत नाहीत किंवा सकाळपासून पाणी न पिता चालतात. गावातल्या माणसाला बरोबर घ्या आणि त्याला मानधन द्या. गुराख्याला जे पक्षी ठाऊक असतात ते आपल्या पुस्तकी यादीत कधी कधी नसतातच, आणि त्याने सांगितलेलं नाव लिहून घ्यायला विसरू नका. मारुती चितमपल्लींनी वनखात्यातली नोकरी करता करता जंगलात राहणाऱ्या माणसांकडून शब्द वेचले, बगळ्यांच्या वसाहतीला 'सारंगागार' आणि कावळ्यांच्या वसाहतीला 'काकागार' असे शब्द मराठीला दिले. आपण मात्र आपल्याच रानात फिरताना इंग्रजी नावांची आद्याक्षरं बोलतो आणि नवखा माणूस बिचारा गप्प उभा राहतो.

लीडरांना एक सांगायचंय. "मला माहीत नाही, घरी जाऊन बघून सांगतो" असं म्हणायला कचरू नका. ज्या लीडरने मला हे पहिल्यांदा म्हटलं त्याच्यावर माझा सगळ्यात जास्त विश्वास बसला. आणि फेरीत दहा मिनिटं तरी सगळ्यांना डोळे मिटून बसवा. आमच्या गटात एक काका यायचे, वयोमानाने नजर फार अधू झालेली. दुर्बिणीचा त्यांना उपयोग नव्हता. पण दयाळाचं सकाळचं गाणं, शिंपी पक्ष्याचं चिरकं 'टुविट टुविट', सातभाईंची भांडणं आणि त्यांच्यात मध्येच गप्प झालेला एखादा आवाज, हे त्यांना आमच्या आधी कळायचं. एकदा ते म्हणाले, "बुलबुल घाबरलेत, झाडीत बघा." पाहिलं तर गर्द चिंचेत पिंगळा बसला होता. आम्ही सगळे डोळसपणे त्याच्याखालून पुढे निघून गेलो होतो.

जागा सांगण्याबद्दलही थोडं. दुर्मीळ पक्ष्याचं घरटं दिसलं तर त्याची खूण ग्रुपवर टाकू नका, खूप खात्रीच्या माणसांच्या ग्रुपवरसुद्धा नाही. तिथून ती तासाभरात पन्नास ग्रुपवर जाते. ई-बर्डसारखी नोंदींची व्यवस्थाही काही संवेदनशील जातींची नेमकी जागा लोकांपासून लपवून ठेवते. त्यांनी जे यंत्रात बसवलंय ते आपण जिभेवर ठेवू शकतो.

आणि सगळ्यात मनापासून सांगायची गोष्ट: एकच जागा धरा. दर महिन्याला नवं धरण, नवा घाट, नवं अभयारण्य असं करण्यापेक्षा जवळचा एखादा तलाव, टेकडी, ओढ्याचा काठ निवडा आणि वर्षभर त्याच जागी, महिन्यातल्या ठरलेल्या रविवारी, त्याच माणसांना घेऊन जा. जानेवारीत पाण्यावर असलेली बदकं मार्चमध्ये कशी विरळ होतात, होळीच्या सुमारास पळसावर शिंजीर किती आणि ऑगस्टमध्ये ते दुसरीकडे कुठे, जूनमध्ये पावशाचा आवाज कोणत्या तारखेला पहिल्यांदा ऐकला, सुगरणीचा नर अर्धवट विणलेलं घरटं सोडून दुसरं का सुरू करतो. हे एका फेरीत कळत नाही. बारा फेऱ्यांत कळतं. आणि असं एकदा बाराही महिने जाऊन आलेला माणूस त्या तलावात भराव पडू लागला की गप्प बसत नाही. त्याच्याकडे तारखांसकट याद्या असतात. तुम्ही काढलेल्या फेरीतून असा एक माणूस जरी उभा राहिला तरी त्या तलावाला एक वाली मिळाला.

५ ते १२ नोव्हेंबर हा आपल्या राज्यात पक्षी सप्ताह. ५ नोव्हेंबर हा चितमपल्लींचा जन्मदिवस आणि १२ नोव्हेंबर डॉ. सालिम अलींचा. २०२० पासून शासनही तो साजरा करतं. दिवसही चांगले निवडलेत. बहुतेकांची वीण उरकलेली असते, थंडीचे पाहुणे पाणथळींवर उतरलेले असतात, झाडं अजून हिरवी असतात. त्या आठवड्यात गावोगाव फेऱ्या निघतील, पोस्टरं आत्तापासून तयार होत असतील. बदल करायचाच तर यंदाच्या सप्ताहापासून करता येईल.

मी तुमच्यासाठी एक मजकूर लिहून ठेवलाय. आवडला तर जसाच्या तसा वापरा, माझं नाव नको.

'रविवारी सकाळी साडेसहा. तलावाची पूर्वेकडची पायवाट, चाल दोन किलोमीटरच्या आत. जागा पंधरा. वाटेत स्वच्छतागृह आहे. दुर्बीण नसेल तरी या, आम्ही देऊ. कॉल वाजवला जाणार नाही, घरट्याजवळ नेलं जाणार नाही. कोण कोण भेटेल ते आम्हालाही माहीत नाही. पुढच्या महिन्यात दुसऱ्या रविवारी पुन्हा इथेच.'

अशी पहिली फेरी लावाल तेव्हा पंधरांतली एक जागा माझ्यासाठी धरून ठेवा.

आपली,
तुमच्या फेऱ्यांना नेहमी येणारी एक जण